ट्रे फर्मेंटेशन चेंबर: कोंड्या-बगॅसवर बुरशी वाढवून एन्झाइम काढणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

गव्हाचा कोंडा, बगॅस (उसाचं चिपाड), सोयाबीनचं भुसकट असल्या मालावर बुरशी वाढवून सेल्युलेज, झायलनेज, पेक्टिनेज (वनस्पतींचे तंतू आणि गर तोडणारी एन्झाइम्स) काढायचंय, फ्लास्कमधलं काम झालंय आणि आता किलोच्या हिशोबात उतरायचंय, अशांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. मशीन म्हणजे स्टेनलेस स्टीलचं ट्रे चेंबर, ऑर्डरवर बनवून घेतलेलं. बनवणाऱ्याचं नाव देत नाही कारण पुढे काही तक्रारी पण आहेत, आणि तसंही असली चेंबर्स बनवणारी छोटी वर्कशॉप्स पुणे, मुंबई, वसई, अहमदाबाद सगळीकडे आहेत, प्रत्येकाचं डिझाइन थोडं वेगळं. त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कळणं जास्त कामाचं आहे. आमचं छोटं युनिट सांगलीजवळ आहे, मी मायक्रोबायोलॉजीवाली आणि दादा विक्री आणि खरेदी बघतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बाकीचा सगळा रिव्ह्यू तिच्यावरच उभा आहे. या कामात माल गरम ठेवणं अवघड नाही, माल थंड ठेवणं अवघड आहे. बहुतेक विकणारे "टेंपरेचर कंट्रोल" म्हणून हीटर दाखवतात, किती वॅटचा आहे, किती पटकन ३० अंशाला नेतो वगैरे. ते पहिल्या रात्रीपुरतं ठीक आहे. बुरशी एकदा वाढायला लागली की ती स्वतःच उष्णता सोडते आणि ती उष्णता कोंड्याच्या थरातून बाहेर पडत नाही कारण कोंडा उष्णतेचा वाईट वाहक आहे. ओल्या कडब्याच्या गंजीत हात घातलाय त्यांना हे सांगायला नको, आत चटका बसतो आणि वरून काही कळत नाही, ट्रेमधे छोट्या मापात तेच होतं.

आकड्यात सांगायचं तर १ ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळला की साधारण १५.६ किलोजूल ऊर्जा निघते, त्यातली थोडी बुरशी स्वतःच्या वाढीला वापरते, बाकीची उष्णता. आणि १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोजूल लागतात. आता १ किलो कोंड्यातला फक्त १०० ग्रॅम माल जळाला असं धरा आणि ती सगळी उष्णता वाफेवाटेच काढायची म्हटलं तर साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास पाणी उडून जाईल. तेवढं पाणी गेलं की थर कोरडा पडला आणि बुरशी थांबली. म्हणजे उष्णता काढायची आहे पण पाणी घालवायचं नाही, हे दोन्ही एकाच हवेने साधायचंय, आणि चेंबर चांगलं की वाईट ते इथेच ठरतं. स्क्रीन किती इंची आहे त्यावर ठरत नाही.

हे काही नवीन ज्ञान नाही. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून डायस्टेज (स्टार्चची साखर करणारं एन्झाइम) काढलं आणि १८९४ मधे त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून कोंड्याचा थर तापतो हीच अडचण आहे. आपल्याकडे बायोकॉन कंपनीने सॉलिड सबस्ट्रेट फर्मेंटेशनवर (म्हणजे असंच ओलसर घन मालावर बुरशी वाढवण्यावर) बरीच वर्षं काम केलं, त्यासाठी स्वतःचं बंद रिअ‍ॅक्टर डिझाइन काढलं, म्हैसूरच्या सीएफटीआरआय आणि तिरुवनंतपुरमच्या एनआयआयएसटी या सरकारी संशोधन संस्थांमधे या विषयावर ढीगभर काम झालंय. आणि तरीही आज जगात विकलं जाणारं बहुतेक सेल्युलेज मोठ्या टाक्यांमधे, पाण्यातल्या फर्मेंटेशननेच बनतं, कारण टाकीला जॅकेट लावून थंड करता येतं आणि ट्रेला येत नाही. मग ट्रे कशाला? कारण टाकी, कॉम्प्रेसर, स्टरलायझेशनची लाइन हा खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही, ट्रेमधून निघणारा अर्क जास्त घट्ट असतो, सांडपाणी कमी, आणि बुरशी मुळात ओलसर घन वस्तूवर वाढणारीच गोष्ट आहे त्यामुळे तिला ते मानवतं.

आता मशीनकडे येते. आतून एसएस ३०४, बाहेर पावडर कोटिंग, मधे पफ इन्सुलेशन. ६० बाय ४० सेंटीमीटरचे २४ ट्रे, तळाला बारीक छिद्रं, चाकांच्या ट्रॉलीवर. ४ सेंटीमीटरचा थर टाकला तर एका ट्रेमधे सव्वा किलोच्या आसपास कोरडा कोंडा बसतो, म्हणजे एका वेळी २८ ते ३० किलो. बगॅस फुगीर असतो त्यामुळे तो निम्मासुद्धा बसत नाही, हे ऑर्डर देताना लक्षात घ्या, कारण क्षमता नेहमी कोंड्यावरच सांगितली जाते. एका बाजूच्या पूर्ण भिंतीतून हवा येते, ट्रेंच्या मधून आडवी जाते आणि समोरच्या भिंतीतून परत घेतली जाते, त्यातली थोडी बाहेर सोडून ताजी हवा आत येते. ती हवा आधी कूलिंग कॉइलवरून, मग ह्युमिडिफायरमधून जाते. किंमत मापावर अवलंबून आहे, अंदाज म्हणून सांगते, मोठं बीओडी इन्क्युबेटर (लॅबमधलं ठरावीक तापमानाचं कपाट) घेतलं तर जेवढे जातील त्याच्या दीडपट आमचे गेले.

बीओडी इन्क्युबेटरचा विषय निघालाच आहे तर, बरेच जण तेच वापरायचा विचार करतात, कॉलेजमधे सगळे तेच करतात. फ्लास्कमधे ५-१० ग्रॅम माल असेल तर चालतं. ट्रेवर आलात की नाही चालत. त्यातला पंखा आतली हवा नुसती फिरवतो, ओलावा धरत नाही, वरचे ट्रे वाळतात आणि खालच्यांना घाम सुटतो, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट नसते.

या चेंबरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे थराच्या आत खुपसायची तीन प्रोब्स. हवेचं तापमान दाखवणारं मशीन कुठेही मिळेल, पण हवा ३० अंश असताना थराच्या मधे ३६-३७ असू शकतं, आणि ट्रायकोडर्मा रीसीला (सेल्युलेज देणारी बुरशी) २८ ते ३० हवं असतं, ३५ च्या वर ती कुरकुरते आणि एन्झाइम आधी पडतं, वाढ नंतर. इथे कंट्रोलर हवेच्या नाही तर थराच्या आकड्यावर चालवता येतो. म्हणजे थर तापायला लागला की हवा आधीच थंड आणि जोरात व्हायला लागते. ऑर्डर देताना वर्कशॉपवाल्यांचा आग्रह होता की "मॅडम, प्रोब एकच ठेवा, त्या पैशात टच स्क्रीन देतो, मोबाइलवर सगळं दिसेल". आम्ही साधा कंट्रोलर आणि तीन प्रोब घेतले आणि तुम्हालाही तेच सांगेन. एक वरच्या, एक मधल्या आणि एक खालच्या ट्रेमधे.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे हवेचे दोन टप्पे सेट करता येतात. पहिले २०-२४ तास स्पोअर (बुरशीची बीजं) रुजत असतात, उष्णता जवळपास नसतेच, तेव्हा हवा हळू आणि ओलावा ९५ टक्क्यांच्या आसपास. नंतर धागे पसरायला लागले, कोंडा पांढरा दिसायला लागला की खरी गरमी सुरू होते, तेव्हा हवेचा वेग वाढवायचा आणि ओलावा थोडा खाली आणायचा म्हणजे थोडं पाणी उडून थर थंड होतो, आणि जे उडालं ते निर्जंतुक पाण्याचा फवारा मारून परत द्यायचं. हे सगळं बटणावर होतं असं समजू नका, हाताला ते कळावं लागतं. आमच्याकडे कामाला असलेल्या मावशी रोज सकाळी ट्रे बघतात आणि "ताई, वरचा आज कोरडा लागतोय" म्हणाल्या की मी आधी फवारणी करते आणि मग मीटर बघते, त्यांचा हात चुकत नाही.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार ओलाव्याच्या सेन्सरची. त्यांनी नेहमीचा कपॅसिटिव्ह सेन्सर बसवला होता, तो ९० टक्क्यांच्या वर भरवशाचा राहत नाही, त्यावर पाण्याचा थर धरला की ९९ दाखवत बसतो आणि ह्युमिडिफायर बंद पडतो, आणि आत माल वाळत असतो. विक्रीच्या वेळी हे कोणी बोललं नाही, तक्रार केल्यावर आधी "पावसाळी हवा आहे, सेट होईल" असं उत्तर आलं. शेवटी आम्ही आग्रह धरून ओला-कोरडा बल्ब पद्धत बसवून घेतली, म्हणजे दोन पीटी-१०० (तापमान मोजणारे सेन्सर), एकाला ओली वात, दोन्हीतल्या फरकावरून ओलावा. जुनी पद्धत आहे पण इतक्या दमट हवेत तीच टिकते. वात मात्र वेळच्या वेळी बदलायची, ती कडक झाली की आकडा चुकतो. तुम्ही ऑर्डर देणार असाल तर हे आधीच लिहून घ्या, नंतर बसवायला दार उघडून वायरिंग काढावं लागतं.

ह्युमिडिफायर अल्ट्रासॉनिक आहे, धुकं बारीक पडतं, ते छान. पण त्याला बोअरचं पाणी दिलंत तर ट्रेवर, भिंतीवर, कॉइलवर पांढरी पूड बसते कारण पाण्यातले क्षार धुक्याबरोबर उडतात. आरओ किंवा डिस्टिल्ड पाणीच लागतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी कसलं जड आहे ते इथल्यांना माहीत आहे, तेव्हा आरओचा खर्च मशीनच्या किंमतीत धरूनच चला.

तिसरं, आतले वेल्डिंगचे जॉइंट. बाहेरून पॉलिश मस्त, आत कोपऱ्यांमधे खडबडीत. तिथे स्पोअर बसतात आणि फ्युमिगेशन (जंतुनाशक धुरी) करूनही राहतात. एका चेंबरमधे आधी अ‍ॅस्परजिलस नायजर आणि नंतर ट्रायकोडर्मा घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होणार, कारण नायजरचे काळे स्पोअर मुठीने तयार होतात आणि पुढच्या बॅचच्या हिरवट-पांढऱ्या थरावर काळे ठिपके आले की ती बॅच विकायच्या लायकीची राहिली नाही. यूव्ही ट्यूब दिलीय पण ज्या भागावर सावली पडते तिथे यूव्हीचा काही उपयोग नाही, ट्रेखाली तर नाहीच. कोपरे गोल करून, आतून घासून द्या असं सांगा, फूड मशिनरीवाले करतात तसं, पैसे थोडे जास्त घेतील पण द्या.

आणि आतला दिवा. काचेचं दार आणि आत एलईडी, बघायला आलेल्यांना फार आवडतं. पण ट्रायकोडर्माला उजेड, विशेषतः निळा उजेड मिळाला की ती स्पोअर करायला लागते, हिरवी पडते. आपल्याला एन्झाइम हवंय, स्पोअर नकोत. आम्ही काचेवर काळा पडदा लावला आहे आणि दिवा फक्त बघताना लावतो. खरं तर दाराला काच नसली तरी चालेल, साधं इन्सुलेटेड दार स्वस्त पडेल आणि थंडावा पण टिकेल.

विजेबद्दल वेगळं लिहायला हवं. लोडशेडिंग किंवा वादळात लाइट जाणं हे आपल्याकडे धरूनच चालायचं. साधारण दुसऱ्या दिवशी, उष्णता शिगेला असते तेव्हा ब्लोअर बंद पडला तर थराचं तापमान अर्ध्या-पाऊण तासात वर जातं आणि बुरशी मेली नाही तरी एन्झाइम पडतं. या चेंबरमधे ब्लोअरचं सर्किट कॉम्प्रेसर आणि हीटरपासून वेगळं काढलंय आणि तेवढंच इन्व्हर्टरवर टाकता येतं. ब्लोअर छोटा आहे, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. कूलिंग नसलं तरी नुसती हवा फिरती राहिली की बॅच वाचते. या एका गोष्टीसाठी त्या वर्कशॉपला मनापासून मार्क देते, ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याला बुरशीचं काम कळत होतं.

आता मालाबद्दल, कारण चेंबर कितीही चांगलं असलं तरी आत काय टाकताय त्यावर सगळं आहे, आणि "शेतीचा कचरा फुकट मिळतो" हे वाक्य प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमधे असतं ते मला खटकतं. बगॅस फुकट नाही. कारखाना त्यावर बॉयलर आणि वीजनिर्मिती चालवतो, त्याच्यासाठी ते इंधन आहे, आणि हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, मग वर्षभराचा साठा कुठे करणार? ताजा बगॅस निम्मा पाणीच असतो, तसाच ढीग लावला तर त्यावर हव्या त्या बुरशीआधी नको त्या बुरशा वाढतात. वाळवून, ताडपत्रीखाली, जमिनीपासून वर ठेवावा लागतो. गव्हाचा कोंडाही फुकट नाही, ते जनावरांचं खाद्य आहे आणि भाव पेंडीबरोबर हलतो. खरोखर वाया जाणारा माल म्हणजे उसाचं पाचट जे अजूनही फडात पेटवतात, विदर्भ-मराठवाड्यातली पऱ्हाटी आणि तुराट्या, ज्यूस सेंटरची मोसंबी-संत्र्याची सालं, नाशिककडच्या वायनरींचा द्राक्षाचा चोथा. यातली सालं आणि चोथा पेक्टिनेजसाठी फार चांगले पण ओले असल्यामुळे दोन दिवसांत आंबतात. पाचट आणि पऱ्हाटीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) जास्त, त्यामुळे आधी बारीक करून कॉस्टिक सोड्याने सौम्य प्रक्रिया केली तर बुरशीला सेल्युलोज सापडतं, आणि मग ते कॉस्टिक धुवायचं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न येतो.

आमचा अनुभव असा की नुसत्या बगॅसवर एन्झाइम कमी येतं कारण त्यात नायट्रोजन जवळपास नाहीच आणि नुसत्या कोंड्यावर थर चिकट होऊन हवा जात नाही. दोन्ही मिसळले की कोंड्याने खाणं मिळतं आणि बगॅसच्या काड्यांनी पोकळी राहते. शिवाय बगॅसमधलं सेल्युलोज बघूनच बुरशी सेल्युलेज काढते, तिला आयती साखर भरपूर मिळाली तर ती एन्झाइम बनवणं थांबवते. त्यामुळे मळी किंवा गूळ घालून वाढ जोरात करायचा मोह आवरा, पांढरी शुभ्र वाढ दिसेल आणि अर्कात काही नसेल. ओल मात्र मोजूनच. कोंड्यात आधीच १० टक्के पाणी असेल तर १ किलोला ६५ टक्क्यांवर न्यायला साधारण १.५७ लिटर पाणी लागतं. त्यात युरिया, अमोनियम सल्फेट आणि फॉस्फेट विरघळवून मग ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं). मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये ही परीक्षा त्या आकड्याशी बऱ्यापैकी जुळते.

स्ट्रेन (बुरशीचं वाण) मात्र कृपा करून ओळखीच्या लॅबमधून "चांगली आहे, घेऊन जा" असा आणू नका. पुण्याला एनसीएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेत एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, चंदीगडला तसाच एमटीसीसी आहे, तिथून नाव-नंबर असलेला घ्या. अ‍ॅस्परजिलसच्या कुळात ओरायझीसारखी शेकडो वर्षं खाण्यात असलेली बुरशी आहे आणि फ्लेव्हससारखी अफ्लाटॉक्सिन करणारी पण आहे, आणि दिसायला ती एकमेकींच्या इतकी जवळ आहेत की डोळ्यांवर विसंबून चालत नाही. ट्रायकोडर्मा रीसीची गोष्ट तर मला कायम भारी वाटते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे कापडी तंबू कुजत होते, ते कशाने कुजतात हे शोधताना ही बुरशी मिळाली, तिला क्यूएम६ए म्हणतात, आणि पुढे एल्विन रीझ या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिचं नाव पडलं. आजचे औद्योगिक सेल्युलेज स्ट्रेन बहुतेक त्या एकाच तंबूतल्या बुरशीचे वंशज आहेत. जी कापूस खात होती तीच आज कापडाला मऊपणा द्यायला वापरतात. इचलकरंजीसारख्या ठिकाणी सुती कापडावरचा बारीक लव काढायला, बायोपॉलिशिंगला हेच अ‍ॅसिड सेल्युलेज लागतं, पीएच ५ च्या आसपास आणि ५० अंशाला.

ब्रोशरमधला एक दावा मात्र मला मान्य नाही. "एन्झाइम उत्पादनात ५० टक्के वाढ" असं छापलंय. कशाच्या तुलनेत? कुठलं युनिट? सेल्युलेज मोजायचे दोन प्रकार सर्रास मिसळले जातात. एक सीएमसीवर, म्हणजे विरघळणाऱ्या सेल्युलोजवर, त्यात आकडा मोठा येतो. दुसरा फिल्टर पेपरवर, ५० मिलिग्रॅमची व्हॉटमन नंबर १ ची पट्टी, पीएच ४.८, ५० अंश, एक तास, आणि मग डीएनएस (साखर असेल तर लाल होणारं रसायन) घालून उकळून ५४० नॅनोमीटरला रंग वाचायचा. त्यात खरोखरचा कागद तोडायचा असल्यामुळे आकडा खूप लहान येतो पण खरा येतो. कोणी "ग्रॅममागे इतके युनिट" सांगितलं की आधी विचारा कुठले युनिट आणि ग्रॅम कोरड्या मालाचा की ओल्या. आणि डीएनएस करताना अर्काचा स्वतःचा ब्लँक (म्हणजे सेल्युलोज न घालता केलेली मोजणी) लावलाय का तेही विचारा, कारण कोंड्याच्या अर्कात आधीच साखर असते आणि ती वजा केली नाही तर एन्झाइम नसतानाही लाल रंग येतो. चेंबर एन्झाइम वाढवत नाही, ते फक्त खराब होऊ देत नाही. फ्लास्कमधे जे ग्रॅममागे मिळत होतं त्याच्या जवळपास ट्रेमधे मिळालं तर चेंबरने काम केलं. आमचं आता मधल्या ट्रेंमधे फ्लास्कच्या जवळ येतं, वरच्या दोन ओळींत अजून कमी येतं कारण तिथे हवा जोरात लागते. वर्कशॉपवाल्यांनी वरच्या बाजूला अडवणारी पट्टी लावून दिली, त्याने फरक पडला पण पूर्ण गेला नाही.

सुरक्षिततेबद्दल ब्रोशरमधे एक ओळही नाही आणि हे मला गंभीर वाटतं. तयार ट्रे बाहेर काढताना स्पोअर उडतात, त्याने दमा, अ‍ॅलर्जी होऊ शकते. आणि फक्त स्पोअर नाही, वाळवलेल्या एन्झाइमची धूळसुद्धा तितकीच वाईट, १९६० च्या दशकात युरोपात डिटर्जंट कारखान्यातल्या कामगारांना एन्झाइमच्या पावडरीमुळे दम्यासारखा त्रास झाला होता, त्यानंतरच ती पावडर दाणेदार करायला लागले. आमच्याकडे ट्रे काढायच्या आधी आत पाण्याचा फवारा मारतो म्हणजे स्पोअर बसतात, एन-९५ मास्क सक्तीचा, मावशींना सुद्धा, आणि बाहेर सोडायच्या हवेला हेपा फिल्टर (अतिबारीक कण अडवणारा) आम्ही नंतर स्वतः बसवला. तो मशीनबरोबरच यायला हवा. एन्झाइम शक्यतो द्रव रूपातच विका, वाळवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. आणि ज्यूस, वाइन, बेकरी असल्या खाण्याच्या वापराला द्यायचं असेल तर एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) बघावं लागतं, कापडाला देण्याइतकं ते सोपं नाही.

कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे फ्लास्कमधे स्थिर आकडे येतायत, ज्यांचं एक तरी गिऱ्हाईक ठरलेलं आहे आणि ज्यांच्याकडे स्वतःचं किंवा शेजारचं मोठं ऑटोक्लेव्ह आहे त्यांनी. ऑटोक्लेव्हचं कोणी सांगत नाही, पण ३० किलो कोंडा पाणी घालून ८० किलोच्या आसपास जातो आणि तो १२१ अंशाला शिजवायला छोटं टेबलवरचं मशीन पुरत नाही, दिवसभर तेच करत बसाल. कॉलेजांनी एवढं मोठं घेऊ नये, ६ ट्रेचं मिळतं ते पुरे. आणि पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प २०२२ मधे सुरू झाला, वर्षाला २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल एवढी त्याची क्षमता, तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं, ते बघून कोणी "आपण पण इथेनॉलसाठी एन्झाइम पुरवू" म्हणत असेल तर ट्रेमधून ते होणार नाही, ते टनांचं काम आहे आणि तिथे भाव एकेका रुपयावर तुटतो. ट्रेवाल्यांनी कापड, पेक्टिनेज, लॅबची मागणी, कोंबडीखाद्य असल्या छोट्या पण नियमित गिऱ्हाइकांकडे बघावं.

सर्व्हिस ठीकठाक. फोन उचलतात, पण माणूस यायला वेळ लावतात, आणि कूलिंगचा माणूस वेगळा, इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा, दोघं एका वेळी येत नाहीत. म्हणून रेफ्रिजरेशनचं काम आम्ही आता इथल्याच एका मेकॅनिकला दिलंय, दूध डेअरीचे बल्क कूलर दुरुस्त करतात ते, त्यांना हे अजिबात अवघड गेलं नाही. ऑर्डर देतानाच ब्लोअरची एक जादा मोटर, दाराचं एक जादा गॅस्केट, दोन पीटी-१०० आणि ह्युमिडिफायरच्या डिस्क घेऊन ठेवा. डिस्क सगळ्यात आधी जातात. आणि सर्किट डायग्राम कागदावर मागून घ्या, आमच्या वेळी तो मिळायला फार पाठपुरावा करावा लागला, आता तो लॅमिनेट करून चेंबरच्या मागे चिकटवला आहे.

एकूण ५ पैकी ३.५ देते. ओला-कोरडा बल्ब, गोल कोपरे आणि हेपा मशीनबरोबरच दिलं तर ४.५ देईन, आणि त्यांना तसं लेखी कळवलंय. पुढच्या ऑर्डरमधे पहिल्या दोन गोष्टी घालतो म्हणालेत, कोणी नवीन चेंबर घेतलं तर त्यात आहेत का ते इथे नक्की लिहा.